पाठीला लागलेली माती

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा हंगाम भरात असताना लिलावाशी जरा वेळ उभं राहावं. वीस किलोच्या जाळीला भाव पुकारला जातो, एक जण वाढवतो, दुसरा त्यावर चढवतो आणि मग पुकारणाऱ्याचा आवाज क्षणभर अडतो. कोणाला काही म्हणायचं असेल तर त्यानं तेवढ्यात म्हणून घ्यायचं. त्यानंतर माल सुटला तो सुटला. आमच्या वाडवडिलांना रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भावही ठाऊक होता. आपला माल कितीला गेला, हे शेतकऱ्याला रुमाल बाजूला झाल्यावर कळायचं. पुढे १९३९ चा मुंबई प्रांताचा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा आला आणि भाव हळूहळू उघड्यावर आला. निर्णय देणाऱ्यानं किती थांबायचं आणि त्याचं थांबणं चारचौघांना दिसलं पाहिजे की नाही, हा प्रश्न त्यामुळे आमच्या गावाला नवा नाही. मला तो पुन्हा आठवला तो कुस्तीच्या निमित्तानं.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कात ६७ व्या महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. गादी विभागाच्या निर्णायक लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चीत केल्याचं पंचांनी जाहीर केलं. राक्षेचं म्हणणं असं की, दोन्ही खांदे एकदम टेकलेच नाहीत, व्हिडिओ पाहा आणि मग बोला. वाद चढला, राक्षेनं पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. त्याच रात्री अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड एका गुणावरून चिडून मैदान सोडून गेला आणि मोहोळ २-१ अशा गुणांवर महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर ३ वर्षांची बंदी आली. पुढचे कितीतरी दिवस गावोगावच्या कट्ट्यांवर माणसं फोनवर तोच तुकडा पुढे-मागे सरकवत बसली होती. टेकला. नाही टेकला. हा बघ, इथं टेकला. अरे, तोवर डावा उचलला की.

लाथेबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पंचावर पाय उगारणाऱ्याला बाहेर बसवायचं असतं, तसं बसवलं गेलं. लिहिण्यासारखं आहे ते लाथेच्या आधीच्या दोन-चार सेकंदांबद्दल. आणि त्या सेकंदांमागे सव्वाशे वर्षं उभी आहेत.

मातीतल्या कुस्तीत चीत म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावं लागत नसे. भाषेनंच ते सांगून ठेवलं होतं. हरला तो चारी मुंड्या चीत झाला, त्यानं अस्मान पाहिलं. जो कधी हरला नाही, त्याच्या पाठीला माती लागली नाही. हे शेवटचं वर्णन नुसतं बोलण्याचं वळण नव्हे. तो पुरावा आहे. आखाड्याची माती रानातल्या मातीसारखी नसते. चाळून घेतलेल्या तांबड्या मातीत काव, हळद, ताक, लिंबू, तेल जिरवून ती लोण्यासारखी केलेली असते आणि घामेजलेल्या अंगाला ती लगेच धरते. दोन्ही खवाट्यांवर तिचे ठसे उमटले की पंचाचं निम्मं काम झालेलं असायचं.

निफाड तालुक्यातल्या यात्रांमध्ये लहानपणी रेवड्यांच्या कुस्त्या खूप पाहिल्या. मोठ्या पैलवानांच्या आधी पोराटोरांच्या लागायच्या, जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, फार तर नारळ. पोर चीत झालं की नाही यावरून दोन आळ्या ओरडायला लागल्या की पंच म्हणून उभा असलेला म्हातारा वस्ताद त्या पोराला दंडाला धरून फिरवायचा आणि त्याची पाठ चौफेर दाखवायचा. एकाच खवाट्याला माती असली तर ‘चला, लावा पुन्हा’. दोन्हींना असली तर पोर आपणहून मान खाली घालायचं. आता हा पुरावा कच्चा होता, हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ नको. खाली सापडलेला पैलवान लोळून निसटताना पाठीला माती घेऊनच उठतो, आणि ती पाच मिनिटांपूर्वीची की आत्ताची, हे माती सांगत नाही. म्हणून वस्ताद डोळ्यांनी पाहिलेलं आणि पाठीवर दिसतंय ते जुळवून पाहायचा. जुळलं नाही की डाव पुन्हा. त्याच्या शब्दाला वजन होतं ते त्यानं स्वतः कधीकाळी याच मातीत पाठ लावून घेतली होती म्हणून.

शिवाय खरा निकाल बहुतेक वेळा कडं करून बसलेली माणसंच देऊन मोकळी व्हायची. ‘झाली, झाली!’ असा गलका उठायचा, हलगी कडाडायची, फेटे हवेत जायचे, आणि पंचाचा हात त्या गलक्याच्या मागून वर जायचा. मातीतला पंच निकाल देणारा कमी आणि दिलेल्या निकालावर शिक्का मारणारा जास्त. कुस्ती निकाली होत नसेल तर तास-दीड तासानं दोघांना बरोबरीत सोडवायचं. तेव्हा पंचाची अक्कल लागायची ती कधी सोडवायचं एवढ्यापुरती. कोण किती गुणांनी पुढं, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. विचारला असता तर लोक हसले असते.

हे सगळं फक्त आपल्याकडंच होतं, असं मात्र नाही. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये आपला गामा पैलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची जॉन बुल पट्ट्यासाठी कुस्ती झाली. गामानं त्याला लवकरच खाली घेतलं. त्यानंतर झिबिस्कोनं जे केलं ते कुस्तीच्या इतिहासात फार कमी जणांना जमलं असेल. तो पालथा पडून गादीला चिकटला आणि अडीच तासांहून जास्त वेळ जवळजवळ तसाच राहिला. गामाला तो उलटता आला नाही. नियम एकच होता. दोन्ही खांदे टेकले तर हार, नाहीतर काही नाही. पोटावर पडलेला माणूस त्या नियमात हरतच नव्हता. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं, १७ सप्टेंबरला ती पुन्हा लागायची होती, झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ मध्ये पतियाळात दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाला त्याची पाठ लावायला मिनिटही लागलं नाही. लंडनमध्ये नियमानं झिबिस्कोला वाचवलं होतं. पतियाळात नियम मध्ये यायच्या आधीच काम झालं.

लंडनच्या त्या कुस्तीनंतर दोन वर्षांनी, १९१२ साली, स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये रशियाकडून उतरलेला एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा अल्फ्रेड असिकाइनेन यांची उपांत्य लढत ११ तास ४० मिनिटं चालली. शेवटी क्लाइननं असिकाइनेनला चीत केलं, पण तो इतका थकला होता की अंतिम लढतीला उभाच राहू शकला नाही. जिंकून त्याला रौप्य मिळालं. त्याच स्पर्धेत दुसऱ्या एका वजनगटात स्वीडनचा अल्ग्रेन आणि फिनलंडचा बोलिंग नऊ तास झुंजले, कोणीच चीत होईना, तेव्हा पंचांनी हात टेकले आणि दोघांनाही रौप्यच दिलं. सुवर्ण कोणालाच नाही.

आणि बरोबर त्याच १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचं मैदान खुलं झालं. युरोपच्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार पाहून आलेल्या शाहू महाराजांनी ते बांधवलं, आणि पहिल्या मोठ्या कुस्तीत इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन भिडले. हा योगायोग मला फार आवडतो. एकीकडं स्टॉकहोमचे अधिकारी घड्याळाकडं बघत घाम पुसतायत, दुसरीकडं कोल्हापुरात चहूबाजूंनी बसलेल्या हजारो माणसांना प्रत्येक कोनातून पाठ दिसेल असा खोलगट हौद तयार होतोय. प्रश्न दोन्हीकडं तोच होता, की निकाल कसा लागावा आणि कोणाला दिसावा. युरोपनं उत्तर घड्याळात शोधलं. आपण ते बैठकीच्या उतारात शोधलं.

घड्याळ आलं की त्याच्या मागोमाग गुण येणारच होते. वेळ संपली आणि कोणी चीत नाही, तर विजेता कसा काढायचा? मग कोण वरचढ होता ते मोजायचं. मोजायचं म्हणजे पंचानं वहीत लिहायचं. पट काढून खाली घेतलं त्याला इतके, पाठ जमिनीकडं झुकवली त्याला इतके, बाहेर ढकललं त्याला एक. एकेकाळी कुस्तीत दोनच गोष्टी होत्या, चीत आणि चीत नाही. आता त्या दोहोंच्या मधल्या सगळ्या पायऱ्यांना भाव लागला. पंच शिक्का मारणारा राहिला नाही, पुकारणारा झाला.

महाराष्ट्राला या बदलाची खरी ओळख खाशाबा जाधवांमुळं झाली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा गादी आणि तिचे नियम त्याला जवळजवळ नवेच होते, तरी सहावा आला. हेलसिंकीच्या आधीची त्याची गोष्ट आपल्याकडं घराघरात सांगितली जाते. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यापेक्षा त्याला एक गुण कमी दिला गेला. हा पक्षपात आहे, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ चीत केलं. एका गुणाचा हिशेब वहीत होता, तो खरा की खोटा यावर आजही वाद घालता येईल. पण दुसऱ्या कुस्तीत वहीच उरली नाही. आपल्या पैलवानांच्या मनात तेव्हापासून एक गोष्ट घट्ट बसली ती अशी: गुण पंचाचे, चीत आपली.

१९५२ ला हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं, मग जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली लढत झाली. ती हरल्यावर त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं केलं गेलं. दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, हा नियम होता. तो दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथं जवळ नव्हता, ही गोष्ट नंतर वारंवार सांगितली गेली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कांस्य का झालं, याचं एक उत्तर त्या न मिळालेल्या अर्ध्या तासात आहे. नियम कागदावर असून भागत नाही. तो बोलून दाखवणारा माणूस कडेला लागतो.

आता आजचा नियम काय म्हणतो ते पाहू, कारण कट्ट्यावरच्या निम्म्या भांडणात तो कोणालाच नीट ठाऊक नसतो. युनायटेड वर्ल्ड रेसलिंगच्या नियमानुसार खालच्या मल्लाचे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीवर टेकलेले असावे लागतात आणि वरच्यानं त्याला तसं धरून ठेवावं लागतं. किती वेळ? पंचाला पूर्ण पकड दिसेपर्यंत. नियमात सेकंदांचा आकडा नाही. खांदे नुसते लोळत गेले, म्हणजे उजवा टेकून उचलला आणि मग डावा टेकला, तर ती चीत नव्हे. गादीच्या कडेला असेल तर खांदे खेळाच्या आतल्या पट्ट्यात हवेत आणि डोकंही बाहेरच्या सुरक्षा पट्ट्याला लागलेलं चालत नाही. आणि एखादा स्वतःच्याच बेकायदा पकडीत अडकून पाठीवर पडला, तर ती चीत धरली जाते. त्याला दया नाही.

चीत झाली की गुणांचा हिशेब पुसला जातो. नऊ गुणांनी मागं पडलेला मल्लही शेवटच्या सेकंदात जिंकू शकतो. म्हणून हा निर्णय इतर सगळ्या निर्णयांपेक्षा जड आहे, आणि म्हणूनच तो एकट्याच्या हातात ठेवलेला नाही. गादीवर रेफरी, बाजूला जज, टेबलाशी मॅट चेअरमन. रेफरीच्या एका मनगटावर लाल पट्टी, दुसऱ्यावर निळी, म्हणजे कोणता हात वर गेला त्यावरून गुण कोणाचा ते लांबूनही कळावं. चीत होऊ घातली की रेफरी खाली बसतो, बऱ्याचदा पोटावर झोपतो आणि खांदे व गादी यांच्यामधली फट शोधतो. फट दिसेनाशी झाली की हात वर करून बाकीच्या दोघांकडं बघतो. चेअरमननं किंवा जजनं होकार दिला की मगच तळवा गादीवर आपटतो आणि शिट्टी वाजवतो. क्रम असा आहे: पाहा, विचारा, आपटा, वाजवा. तो उलटा झाला की भांडण आलंच.

काम अवघड का आहे, हे एकदा कोणी पैलवानाला पाठीवर झोपायला सांगितलं तर कळेल. नव्वद किलोच्या तयार मल्लाच्या मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू उशीसारखे जाड असतात. गादी मऊ असते, वजनानं दबते. खवाट्याचं हाड टेकलं की वरचं मांस टेकलं, हे बाजूनं पाहणाऱ्याला एकच वाटतं. त्यात खालचा मल्ल मानेवर पूल करून कमरेनं उसळत असतो आणि वरचा त्याच्या छातीवर आडवा असतो, म्हणजे पंचाला हवा असलेला नेमका कोन बऱ्याचदा त्या दोघांच्याच अंगाखाली दडलेला. प्रेक्षकाला टीव्हीवर वरून दिसतं, आणि वरून चीत कधीच नीट दिसत नाही. जमिनीच्या पातळीला डोळा लावल्याशिवाय ती दिसत नाही.

अमेरिकेतल्या शाळकरी कुस्तीत यावर सोपा उपाय आहे. खांदे दोन सेकंद टेकलेले राहिले तर चीत. कॉलेजच्या कुस्तीत एकच सेकंद. मोजायला सोपं, वाद कमी. आपणही तेच घ्यावं, असं अनेकांना वाटतं. मला नाही वाटत. एक सेकंद म्हणजे किती, हेही शेवटी पंचाच्या मनातच मोजलं जातं, फरक एवढाच की चुकलं तर तो ‘मोजलं होतं’ म्हणून सुटतो. पकड पूर्ण दिसेपर्यंत थांब, हा नियम पंचावर जास्त भार टाकतो आणि तो टाकावाच. फक्त त्याचं थांबणं बाहेरून दिसलं पाहिजे. त्यानं पाहिलं, विचारलं, होकार घेतला आणि मग हात आपटला, हे मैदानातल्या शेवटच्या ओळीतल्या माणसाला कळलं पाहिजे. आमच्या लिलावात पुकारणारा अडतो तेव्हा तो काही घड्याळ बघत नाही. पण तो अडला होता, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

महाराष्ट्र केसरीचं वैशिष्ट्य असं की ती या दोन जगांच्या सीमेवर उभी आहे. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकारानं १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ मध्ये औरंगाबादेत ही स्पर्धा सुरू झाली. पहिला मान दिनकर दह्यारींना. आज एक गट मातीवर लढतो, एक गादीवर, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी गदेसाठी एकमेकांसमोर येतात. म्हणजे वर्षानुवर्षं पाठीच्या मातीवर विश्वास ठेवलेला मल्ल शेवटच्या लढतीत अशा जमिनीवर उतरतो, जिथं पाठीला काहीच लागत नाही.

आमच्या नाशिक जिल्ह्यासाठी ७ जानेवारी २०२० हा दिवस मोठा होता. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात जन्मलेला आणि भगूरच्या बलकवडे तालमीत घडलेला हर्षवर्धन सदगीर बालेवाडीत नाशिककडून महाराष्ट्र केसरी झाला. जिल्ह्याचा हा पहिलाच मान. अंतिम लढतीत समोर लातूरचा शैलेश शेळके होता. दोघंही तेव्हा पुण्यात काका पवारांच्या तालमीत, एकाच आखाड्यात घाम गाळणारे. निकाल ३-२. चीत नाहीच. पिंपळगावातल्या जुन्या पैलवानांना आनंद तर झालाच, पण ‘निकाली असती तर…’ हा शब्द त्यांच्या तोंडून सुटल्याशिवाय राहिला नाही. तरी त्या दिवशी वाद झाला नाही. निकाल लागताच सदगीरनं शेळकेला खांद्यावर उचलून मैदानभर फिरवलं. दोघांनाही तिथं काय घडलं हे माहीत होतं, म्हणून बाकीच्यांना मान्य करावं लागलं.

२०२३ मध्ये मात्र गोष्ट वेगळी झाली. जानेवारीत पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत गायकवाडच्या टांगेला चार गुण दिले गेले. मग सिकंदरची पाठ खरंच धोक्याच्या कोनात गेली होती का, यावर अख्ख्या महाराष्ट्रात रणकंदन माजलं. नियमानं पाठ गादीशी काटकोनापेक्षा कमी कोन करते तेव्हा ती धोक्याची स्थिती धरतात. काटकोनाला पाच-दहा अंश कमी की जास्त, हे धावत्या डावात डोळ्यानं ठरवायचं. चहाच्या टपरीवर लोक हातांनी कोन करून दाखवत होते. पंचांना धमकीचा फोन आल्याच्या बातम्या आल्या. पण त्याच स्पर्धेच्या अंतिम लढतीत राक्षेनं गायकवाडला मिनिटाच्या आत चीत केलं आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरनं राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं, तेव्हाही नाही. (त्या वर्षी दोन संघटनांच्या भांडणात धाराशिवलाही वेगळी महाराष्ट्र केसरी झाली, म्हणजे एकाच वर्षात गदा तीनदा उचलली गेली. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल, आणि तो लिहिताना हसू आवरायला हवं.)

म्हणून २०२५ चा वाद मला जास्त खोल वाटतो. गुणांवर भांडायची आपल्याला सवय झाली होती, ते पंचाचं खातं मानलं होतं. चीत मात्र आपली होती, सगळ्यांना दिसणारी. अहिल्यानगरला पहिल्यांदाच इतक्या मोठ्या मैदानावर चीतच पंचाची झाली. हजारो माणसांसमोर कुस्ती झाली आणि ‘झाली, झाली’ असा एकमुखी गलका उठला नाही. अर्ध्या मैदानानं पाहिलं, अर्ध्यानं नाही पाहिलं. राक्षेचा संताप नियमात बसणारा नव्हता, पण त्याच्या मुळाशी असलेली मागणी रास्त होती: मला दाखवा.

ही मागणी नवी नाही आणि केवळ आपली नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये स्वीडनचा आरा अब्राहमियान उपांत्य लढतीतल्या निर्णयावर इतका भडकला की पदक समारंभात कांस्यपदक गादीवर ठेवून निघून गेला. त्याचं पदक काढून घेण्यात आलं. नंतर क्रीडा लवादानं मात्र कुस्तीच्या जागतिक संघटनेला सुनावलं की, दाद मागायची नीट सोय तुम्ही खेळाडूंना दिली पाहिजे. २०१६ ला रिओत मंगोलियाच्या दोन प्रशिक्षकांनी निषेध म्हणून गादीवर कपडे उतरवले. अशी दाद मागायची एक वाट आता नियमातच आहे. आज आंतरराष्ट्रीय लढतीत प्रशिक्षक एक मऊ ठोकळा गादीवर फेकतो आणि पंच पडद्यावर तो क्षण पुन्हा पाहतात. मागणी फसली तर समोरच्याला एक गुण. म्हणजे उगाच दाद मागणाऱ्याला किंमत मोजावी लागते, आणि खरी दाद मागणाऱ्याला पायऱ्या चढून पंचाची कॉलर धरावी लागत नाही.

व्हिडिओ म्हणजे गादीवरची माती आहे. तीही कच्चीच. कॅमेरा चुकीच्या कोनात असेल तर तो वस्तादासारखाच फसतो, आणि अहिल्यानगरचे तुकडे पाहून दोन्ही बाजूंना आपापला पुरावा सापडला, हे आपण पाहिलंच. म्हणून चीत ठरवायचा कॅमेरा वर टांगलेला नको. तो गादीच्या पातळीला, दोन समोरासमोरच्या बाजूंना हवा. जिथं रेफरी पोटावर झोपतो तिथं. हे काही चंद्रावर जाण्याचं काम नाही. राज्याच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेला लाखोंची बक्षिसं आणि गाड्या देणाऱ्यांना दोन कॅमेऱ्यांचा खर्च जड जाऊ नये. आणि चीतीचा निकाल चेअरमननं पाहिल्याशिवाय आपटायचा नाही, हा क्रम माईकवरून बोलून दाखवला तर निम्मं मैदान शांत बसेल. लाउडस्पीकरवर देणगीदारांची नावं इतक्या वेळा येतात, तिथं पंचांचा होकार एकदा आला तर काय बिघडलं?

पंचांबद्दलही एक खंत आहे. मैदानात त्यांना फेटा बांधतात, नारळ देतात, भाषणात ‘पंच परमेश्वर’ म्हणतात, आणि पहिल्या वादाला त्याच परमेश्वराचा पत्ता शोधत निघतात. वस्तादाच्या तालमीत पोरं डाव शिकतात, डाव पाहायला कोणी शिकवत नाही. पैलवानकी सोडल्यावर वीस वर्षं हौदाशी बसलेला माणूस पंच म्हणून सगळ्यांत चांगला असतो, हे जुन्या मैदानांनी दाखवलं होतं. फक्त त्याला आता सेकंद, पट्टे, अंश आणि पडदा, हे चारही वाचता आले पाहिजेत.

मागे आमच्या भागातल्या एका शालेय स्पर्धेत गादीवर दोन बारकी पोरं भिडली होती. एकाची पाठ लागली. पंचांनी पाहिलं, विचारलं, हात आपटला, शिट्टी वाजली. हरलेलं पोर उठलं, आणि गावच्या यात्रेतल्या सवयीनं उजवा हात मागं नेऊन आपला खांदा झटकला. मग डावा झटकला. दोन्हीकडं काहीच लागलेलं नव्हतं. ते क्षणभर तसंच हात मागं धरून उभं राहिलं आणि पंचांकडं बघत बसलं.